औषध, पावती आणि अचौर्यव्रत

अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात सांगितले आहेत, त्यांपैकी एकाचे नाव ‘सदृशसन्मिश्र’ असे आहे. दिसायला सारख्या असणाऱ्या दोन वस्तूंपैकी हलकी वस्तू भारी वस्तूत मिसळून ती भारी म्हणून विकणे, असा त्याचा अर्थ. तत्त्वार्थसूत्रात यालाच ‘प्रतिरूपक व्यवहार’ म्हटले आहे. टीकाकारांनी तुपात तेल मिसळण्याचे उदाहरण दिले. पाठशाळेत हा भाग शिकवताना दुधात पाणी, तुपात डालडा, गुळात साखर असे दाखले दिले जातात, आणि ते ऐकून मुलेही हसतात. कारण या सर्व लबाड्यांत घेणाऱ्याचे चार पैसे जातात, जीव जात नाही. आचार्यांनी मात्र या दोषाची गणना चोरीत केली, केवळ व्यापारातील चलाखीत नाही. त्यामागची दृष्टी किती खोल होती, हे समजून घ्यायचे असेल तर चाळीस वर्षांपूर्वीची मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील घटना पुन्हा एकदा पाहिली पाहिजे.

ग्लिसरीन हा पदार्थ सर्वांच्या परिचयाचा आहे. रंगहीन, दाट, चवीला गोडसर. औषधी प्रतीचे शुद्ध ग्लिसरीन रुग्णांना पोटातून दिले जाते. मेंदूवरील सूज किंवा डोळ्यांतील वाढलेला दाब उतरवण्यासाठी त्या काळी त्याचा वापर नित्याचा होता. त्याच्यासारखाच रंगहीन, दाट आणि गोडसर असा दुसरा एक द्रव आहे, डायएथिलिन ग्लायकॉल. तो ब्रेक ऑईल, राळ, रंग अशा उद्योगांत लागतो आणि स्वस्त मिळतो. पोटात गेल्यास तो मूत्रपिंडे निकामी करतो. दोन्ही द्रव शेजारी ठेवले तर डोळ्यांना, बोटांना, जिभेला फरक कळत नाही. तो कळतो फक्त प्रयोगशाळेत. ‘सदृश’ या शब्दाचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण.

१९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत जे. जे. रुग्णालयातील काही रुग्णांची लघवी एकाएकी बंद होऊ लागली. आजार निरनिराळे, वॉर्ड निरनिराळे. पण ज्यांना ज्यांना ग्लिसरीन दिले गेले होते त्यांचीच मूत्रपिंडे बंद पडत होती. डॉक्टरांच्या ध्यानात हा धागा आला आणि ते ग्लिसरीन थांबवण्यात आले. तोपर्यंत चौदा रुग्ण दगावले होते. बरे होण्यासाठी आलेली ही माणसे आपल्या मूळ आजाराने गेली नाहीत. उद्योगात वापरायचे, डायएथिलिन ग्लायकॉलची भेसळ असलेले ग्लिसरीन औषध म्हणून रुग्णालयात पोहोचले होते आणि तेच त्यांना पाजले गेले होते.

राज्य शासनाने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला. लेंटिन आयोगाचे कामकाज दीर्घकाळ चालले. १९८७ च्या अखेरीस अहवाल सादर झाला आणि पुढल्या वर्षी तो विधिमंडळापुढे आला. महाराष्ट्राच्या प्रशासकीय इतिहासात इतक्या परखड भाषेतील अहवाल थोडेच असतील. आयोगाने पुरवठादारावर ठपका ठेवला, आणि तेवढ्यावर न थांबता अन्न व औषध प्रशासनातील ढिलाई व भ्रष्टाचार, रुग्णालयाच्या खरेदी व्यवस्थेतील बेपर्वाई आणि मंत्र्यांचा हस्तक्षेप या सर्वांवर बोट ठेवले. तत्कालीन आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले.

हा अहवाल आज वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. त्या बाटलीच्या प्रवासात कोणा एकाच दुष्ट माणसाचा हात नव्हता. माल बनवणारा, बाटलीत भरणारा, परवाना देणारा, निविदा मंजूर करणारा, भांडारात उतरवून घेणारा, वॉर्डात पाठवणारा, अशी हातांची एक रांग होती. प्रत्येक हाताने आधीच्या हाताची सही पाहिली आणि त्याखाली आपली सही केली. बाटली उघडून नमुना तपासावा असे कोणाला वाटले नाही, आणि ज्यांचे ते कामच होते त्यांनी ते केले नाही. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन निरनिराळ्या अधिकाऱ्यांकडे असतात. दोघेही सज्जन असतात. तरीही दुसऱ्याच्या सज्जनपणावर विसंबायचे नाही, असा तो नियम आहे. लाखभर रुपयांच्या रोकडीसाठी जी काळजी घेतली जाते, ती रुग्णाच्या पोटात जाणाऱ्या द्रवासाठी घेतली गेली नाही.

याच द्रवाने अमेरिकेत १९३७ मध्ये शंभरावर बळी घेतले होते. टेनेसी राज्यातील मॅसेंगिल नावाच्या कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध पातळ स्वरूपात आणण्यासाठी ते डायएथिलिन ग्लायकॉलमध्ये विरघळवले, रंग व सुवास घातला आणि विषारीपणाची कोणतीही चाचणी न घेता बाजारात सोडले. दगावलेल्यांत लहान मुले पुष्कळ होती. त्या वेळच्या कायद्यात औषध विकण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचे सिद्ध करण्याची सक्तीच नव्हती. त्यामुळे सरकारला कंपनीवर खटला भरता आला तो केवळ चुकीच्या नावाबद्दल. ‘एलिक्सिर’ म्हटलेल्या औषधात मद्यार्क असावा लागतो, तो यात नव्हता! शंभर मृत्यू आणि आरोप नावातील चुकीचा. त्या लाजेतून १९३८ चा अमेरिकी कायदा जन्मला. आपल्याकडे कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने १९३०-३१ मध्येच औषधांतील भेसळीविषयी इशारा दिला होता. त्यावरून १९४० मध्ये औषध कायदा झाला आणि तोच आज ‘औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा’ म्हणून लागू आहे. म्हणजे जे. जे. मधील मृत्यूंच्या वेळी कायदा नव्हता असे नाही. तो सेहेचाळीस वर्षांचा प्रौढ कायदा होता.

नव्हती ती वेगळीच गोष्ट. चौकशी आयोग काय घडले ते सांगतो, दोष कोणाचा ते सांगतो. नुकसानभरपाईचा हुकूमनामा तो देत नाही. फौजदारी खटला गुन्हेगाराला शिक्षा करतो. घरातील कमावता माणूस गेला त्या घराच्या चुलीची सोय तो सहसा करत नाही. त्यासाठी उरतो दिवाणी दावा: कोर्ट फी, वकील, वर्षानुवर्षांच्या तारखा आणि शेवटी पुराव्याचा संपूर्ण भार दावा लावणाऱ्यावर. रोजंदारीवर जगणारे कुटुंब औषध कंपनीविरुद्ध असा दावा किती काळ चालवणार? ज्यांना ‘कंपनीवर केस करा’ असा सल्ला देणे सोपे वाटते, त्यांनी दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या बहुधा चढलेल्या नसतात.

योगायोग असा की, त्याच १९८६ सालच्या २४ डिसेंबरला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्यामागे महाराष्ट्रातील चळवळीचा वाटा मोठा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा ‘ग्राहक’ हा शब्द दुकानदाराच्या तोंडी होता, कायद्याच्या पुस्तकात नव्हता. नव्या कायद्याने जिल्हा, राज्य आणि राष्ट्र अशा तीन पातळ्यांवर स्वतंत्र न्यायमंच दिले. वकिलाशिवाय उभे राहता येऊ लागले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता खटल्यात वैद्यकीय सेवाही या कायद्याच्या कक्षेत आणली. मात्र त्याच निकालात असेही ठरले की, ज्या रुग्णालयात सर्वच रुग्णांना विनामूल्य सेवा मिळते तेथील सेवा या कायद्याखाली येत नाही, आणि केवळ नाव नोंदणीचे चार-दोन रुपये भरल्याने त्यात फरक पडत नाही. यातील कायद्याचा तर्क समजण्याजोगा आहे. पैसा दिला नाही तर करार कोठला? परंतु शासकीय रुग्णालयात जो जातो तो बहुधा त्याला दुसरीकडे जाणे परवडत नाही म्हणून जातो, आणि ज्याला संरक्षणाची अधिक गरज त्याच्याच वाट्याला ते कमी आले, हे मान्य करावेच लागेल.

कायदा असूनही भरपाई का मिळत नाही, याचे उत्तर पुढल्या एका प्रकरणात अधिक स्पष्ट दिसते. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू या उपकंपनीने बनवलेला ‘एएसआर’ नावाचा कृत्रिम खुब्याचा सांधा धातूवर धातू घासणारा होता. त्याच्या झिजेतून कोबाल्ट व क्रोमियम रक्तात उतरत असे. अनेकांना दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करून तो काढावा लागला. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत मागवला. अमेरिकेतील रुग्णांनी हजारोंच्या संख्येने दावे लावले आणि २०१३ मध्ये कंपनीने सुमारे अडीचशे कोटी डॉलरची तडजोड केली. भारतात हा सांधा सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत बसवला गेला होता. येथे महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने कारवाईत पुढाकार घेतला, केंद्राने समिती नेमली, आणि अखेर मे २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात कंपनीने पहिल्या टप्प्यात ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख रुपये देण्याची तयारी दाखवली.

चार हजार सातशे शस्त्रक्रिया आणि सदुसष्ट रुग्ण! या दोन आकड्यांमधील दरी कशाने पडली? न्यायालयाच्या संथपणाने काही अंशी, हे खरे. पण त्याहून मोठे कारण असे की, बहुसंख्य रुग्णांचा पत्ताच लागला नाही. कोणाच्या शरीरात कोणत्या क्रमांकाचा सांधा बसवला याची नोंद रुग्णालयांत नीट नव्हती, आणि रुग्णांच्या घरीही नव्हती. शस्त्रक्रियेची फाईल घर बदलताना गेली, बिल रद्दीत गेले, सांध्याच्या वेष्टनावरील चिकटपट्टी कोणी जपून ठेवलीच नाही. ज्यांच्या हाती कागद होता त्यांना आपला हक्क मांडता आला. बाकीच्यांच्या बाबतीत दोष सिद्ध झालेला, कंपनी समोर आलेली, पैसे द्यायला ती काही अंशी तयारही झालेली; फक्त घेणारा कोण हे सांगणारा कागद नाही. न्याय मिळण्यासाठी कायदा लागतो, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या कायद्याला पकडायला एक टोक लागते, आणि ते टोक म्हणजे पावती, हे फारसे कोणी सांगत नाही.

२०१९ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा नव्याने करण्यात आला आणि २० जुलै २०२० पासून तो अमलात आला. त्यात ‘उत्पादन उत्तरदायित्व’ नावाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे, कलम ८२ ते ८७. आपल्या समाजात औषधाची, किराण्याची, कापडाची, विद्युत उपकरणांची दुकाने चालवणारी घराणी पुष्कळ आहेत. त्यांनी हे प्रकरण ग्राहक म्हणून एकदा आणि विक्रेता म्हणून एकदा, असे दोनदा वाचावे.

ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर कायदा आता बराच उदार आहे. निर्मिती सदोष असेल, रचना सदोष असेल, धोक्याची पुरेशी सूचना दिलेली नसेल, तर निर्माता जबाबदार. स्पष्ट शब्दांत दिलेली हमी खोटी ठरली तर आपण निष्काळजी नव्हतो, फसवण्याचा हेतू नव्हता, हे सिद्ध करूनही त्याची सुटका नाही. तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते. कागल किंवा गडहिंग्लजच्या ग्राहकाने कंपनीच्या गावी जाण्याचे कारण नाही, कोल्हापूरचा जिल्हा ग्राहक आयोग पुरेसा आहे. कोणत्या पातळीवर जायचे हे वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवरून ठरते, मागितलेल्या भरपाईवरून नाही. पन्नास लाखांपर्यंतचा व्यवहार जिल्ह्यात. किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. म्हणजे ऐंशी रुपयांच्या औषधाने मोठी हानी झाली तरी दार जिल्ह्याचेच, आणि तेही विनाशुल्क. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत मात्र कसोशीने पाळली पाहिजे. एकाच वस्तूने अनेकांचे नुकसान झाले असेल तर आयोगाच्या परवानगीने एकाने सर्वांच्या वतीने तक्रार करण्याचीही तरतूद आहे. तिचा उपयोग आपल्याकडे अजून फार थोडा होतो.

आता विक्रेत्याची बाजू. सीलबंद माल आणला, तसाच विकला, माझा काय दोष, असे दुकानदार म्हणतो आणि एका मर्यादेपर्यंत त्याचे म्हणणे बरोबर आहे. पण कलम ८६ त्याला काही प्रसंगी थेट निर्मात्याच्या जागी उभे करते. त्याने वस्तूत फेरफार केला, वेष्टन वा लेबल स्वतः बदलले, निर्मात्याने न दिलेली हमी स्वतःच्या तोंडाने दिली, तपासणीत वा साठवणुकीत वाजवी काळजी घेतली नाही, निर्मात्याची धोक्याची सूचना ग्राहकापर्यंत पोहोचवली नाही, तर जबाबदारी त्याची. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, वस्तूचा निर्माता कोण हेच कळत नसेल किंवा त्याच्यावर आयोगाची नोटीस बजावता येत नसेल, तरीही विक्रेताच जबाबदार. कच्च्या बिलावर, दोन टक्के स्वस्त म्हणून, ‘ओळखीच्या माणसाकडून’ घेतलेला माल या कलमाच्या उजेडात पाहावा. त्या दोन टक्क्यांत दुकानदाराने निर्मात्याचे संपूर्ण उत्तरदायित्व विकत घेतलेले असते.

औषधविक्रेत्यांना तर हे १९४० च्या कायद्याने फार पूर्वीच सांगितले आहे. औषध निरीक्षकाने विचारल्यास माल कोणाकडून घेतला त्याचे नाव व पत्ता सांगणे कलम १८-अ नुसार बंधनकारक आहे. परवानाधारकाकडून माल घेतला, वाजवी तपास करूनही दोष कळणे शक्य नव्हते, आणि औषध नीट साठवून आले त्याच स्थितीत विकले, एवढे दाखवता आले तर कलम १९ विक्रेत्याला संरक्षण देते. या तिन्ही गोष्टी दाखवायच्या कशाने? खरेदीच्या बिलाने, बॅचनिहाय नोंदीने आणि शीतकपाटाच्या तापमानाच्या वहीने. प्रामाणिक मनुष्याची प्रामाणिकता न्यायालयाला त्याच्या चेहऱ्यावर दिसत नाही.

हे सारे मुंबई-दिल्लीचे, आपल्याकडे असे काही नाही, असे मानण्याचीही सोय राहिलेली नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ शासकीय रुग्णालयाला बनावट प्रतिजैविक गोळ्या पुरवल्याबद्दल २०२४ च्या अखेरीस गुन्हा नोंदवला गेला, तेव्हा पुरवठ्याच्या साखळीत कोल्हापुरातील एका पुरवठादाराचेही नाव आले. न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत आरोप हा आरोपच असतो, आणि मधल्या कडीतील मनुष्य स्वतःही फसलेला असू शकतो. म्हणून त्याविषयी अधिक लिहिणे योग्य नाही. तरी अशा साखळ्या कोल्हापूरच्या बाजारपेठेतून जातात, एवढे त्यावरून कळते. औषध राहू द्या. ज्या गुळाने कोल्हापूरचे नाव देशभर नेले, ज्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्या गुळातही साखर मिसळली जाते ही तक्रार शाहू मार्केट यार्डाला नवी नाही. गुळातील साखर कोणाला मारत नाही हे खरे. पण ऊस गाळून, रस आटवून, प्रामाणिकपणे ढेप करणारा गुऱ्हाळवाला तिच्यामुळे भावात मार खातो.

गेल्या काही वर्षांत तोच जुना द्रव पुन्हा परतला आहे. २०२२ मध्ये गांबिया या आफ्रिकी देशात सुमारे सत्तर बालकांच्या मृत्यूंचा संबंध भारतातून गेलेल्या खोकल्याच्या औषधांशी जोडला गेला. त्यानंतर १ जून २०२३ पासून परदेशी पाठवायच्या खोकल्याच्या औषधांना निर्यातीपूर्वी सरकारमान्य प्रयोगशाळेचा दाखला सक्तीचा झाला. देशातील मुलांना मिळणाऱ्या औषधासाठी मात्र तशी सक्ती त्या वेळी झाली नाही. परक्याच्या लेकरासाठी जी चाळणी लावली ती घरच्या लेकरासाठी लावू नये, हा भेद कोणत्या धोरणात बसतो ते धोरणकर्त्यांनाच ठाऊक.

त्याचा परिणाम २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात दिसला. परासिया परिसरातील वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते. डायलिसिसवरची ती चिमुकली मुले आणि रुग्णालयाबाहेर बसलेले त्यांचे आईबाप विदर्भाने जवळून पाहिले. तामिळनाडूतील कांचीपुरमच्या श्रीसन फार्मास्युटिकल्सचे ‘कोल्ड्रिफ’ हे ते औषध. एसआर-१३ या बॅचच्या नमुन्यात तामिळनाडूच्या प्रयोगशाळेला ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल आढळले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. म्हणजे बाटलीत जवळजवळ निम्मे विष होते. कंपनीचा परवाना रद्द झाला, मालकाला अटक झाली. जे. जे. नंतर एकोणचाळीस वर्षांनी द्रव तोच आणि बंद पडणारा अवयवही तोच.

त्याआधी २०१९-२० मध्ये जम्मूच्या रामनगर भागात अशाच औषधाने बारा बालके गेली होती. तेथे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने प्रत्येक कुटुंबाला तीन लाख रुपये देण्यास सांगितले. ते प्रशासनाने द्यायचे होते, म्हणजे जनतेच्या तिजोरीतून, औषध बनवणाऱ्याच्या खिशातून नव्हे. वास्तविक, २००८ मध्ये दुरुस्त झालेल्या औषध कायद्याच्या कलम २७ मध्ये वेगळीच सोय आहे. भेसळयुक्त वा बनावट औषधाने मृत्यू ओढवल्यास किमान दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत कैद, आणि किमान दहा लाख रुपये किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांपैकी जी अधिक असेल ती रक्कम दंड. आणि हा दंड शासनाकडे न जाता पीडिताला, तो हयात नसल्यास त्याच्या नातलगाला भरपाई म्हणून द्यायचा. ही तरतूद फारच थोड्या कुटुंबांना ठाऊक असते. खटला सुरू झाल्यावर सरकारी वकिलाकडे तिची आठवण करून देणे हा नातलगांचा हक्क आहे. अशा प्रकरणांतील अपील वा याचिकेसाठी आता मुंबईही गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात, सीपीआरसमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत, कोल्हापूरसह सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्गासाठी काम करू लागले आहे.

राहता राहिला घरातील प्रश्न. औषध घेतल्यावर काही विपरीत घडले तर पहिली घाई रुग्णाला वाचवण्याची असते आणि तशीच ती असावी. पण त्या घाईत रागाने वा भीतीने उरलेले औषध मोरीत ओतले जाते आणि बाटली कचऱ्यात जाते. तेथेच निम्मा दावा संपतो. उरलेले औषध मूळ बाटलीत, झाकण घट्ट लावून, लेबलासह ठेवावे. दुसऱ्या भांड्यात काढलेल्या द्रवाला पुरावा म्हणून किंमत नाही. बिलावर बॅच क्रमांक, निर्माता आणि मुदत असते. ते चिठ्ठीसोबत लावून ठेवावे. थर्मल कागदावरील अक्षरे काही महिन्यांत उडतात, म्हणून त्याची लगेच छायाप्रत काढावी किंवा फोनवर छायाचित्र घ्यावे. ऑगस्ट २०२३ पासून प्रमुख तीनशे औषधांच्या वेष्टनावर क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो फोनवर तपासून बॅच जुळते का ते पाहता येते. शरीरात काही बसवले असेल, जसे खुबा, गुडघा, स्टेंट, पेसमेकर, तर त्याच्या क्रमांकाची चिकटपट्टी रुग्णालयाकडून मागून घ्यावी आणि ती मुदत ठेवीच्या पावतीशेजारी ठेवावी. औषधाविषयी नुसता संशय असेल तरीही अन्न व औषध प्रशासनाला कळवता येते. शिवाय औषध कायद्याच्या कलम २६ नुसार कोणतीही व्यक्ती किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना ठरावीक शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकते. ग्राहक आयोगही तक्रारीतील वस्तूचा नमुना सील करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, मात्र त्यासाठी नमुना शिल्लक असावा लागतो. कोठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे मराठीतून बोलता येते.

आणि दुकानात, कोल्ड्रिफसारखा इशारा येतो तेव्हा विचारले जाणारे प्रश्न मोजकेच असतात: ही बॅच तुमच्याकडे आली होती का, किती बाटल्या आल्या, किती विकल्या, कोणाला विकल्या, उरलेल्या कोठे आहेत. ज्याची खरेदी-विक्रीची नोंद चोख आहे तो दहा मिनिटांत उत्तर देतो, आणि ज्या घरात ती बाटली अजून अर्धी शिल्लक आहे तेथे संध्याकाळचा चमचा दिला जाण्यापूर्वी फोन करू शकतो.